लेकरांना घेऊन गौताळ्याला जाताय, बिबट्याचं काय?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लातूरहून दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पाच जण गाडीनं निघणार. सोबत पासष्टीच्या सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी, दुसऱ्या दिवशी गौताळा, जमलं तर पाटणादेवीचं मंदिर. मध्येच कुणीतरी मोबाइलवर बिबट्याचा व्हिडिओ पाठवला आणि सासूबाई अडून बसल्या की लेकरं घेऊन वाघाच्या तोंडात कशाला जायचं. तुम्ही विचारलंय, जावं का, आणि समोर आलाच तर काय करायचं. यजमानांचा बेत रात्री गाडीनं चक्कर मारून बिबट्या बघण्याचा आहे, त्याबद्दलही विचारलंय.

मी वनखात्यात ३२ वर्षं काढली. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या डोंगरांत पायी फिरण्यात गेला. तेवढ्या आधारावर सांगतो: जा, जरूर जा. रात्रीची चक्कर मात्र रद्द करा. का, ते पुढे येईलच.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही गौताळ्याला राष्ट्रीय उद्यान लिहिलंय. मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, थोडं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि थोडं जळगावात. हा फरक शब्दापुरता नाही. ताडोब्याला तुम्ही जिप्सीत बसता, वाटाड्या सोबत असतो आणि खाली उतरायचं नसतं. गौताळ्यात आजूबाजूला गावं आहेत, तांडे आहेत, गुरं चारणारी माणसं आहेत, आणि धबधब्याला, लेण्यांना, मंदिराला तुम्ही पायी जाता. म्हणून ताडोब्याचे नियम वाचून इथं यायचं म्हटलं तर ते अपुरे पडतात. इथं तुमच्या चालण्यावर सगळं अवलंबून आहे.

आता मुख्य गोष्ट. 'समोर आला तर काय करू' हे विचारणं बरोबरच आहे, पण माझ्या लेखी तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तो समोर येतोच कधी? बिबट्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तुम्ही पाच जण बोलत चालला असाल, तर तुम्ही वळणावर पोहोचायच्या आधीच तो वाट सोडून झुडपात गेलेला असतो. जंगलात पायी फिरताना बिबट्या मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तो दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच वेळा. त्यानं मला किती वेळा बघितलं असेल याचा हिशेब नाही. कितीतरी सकाळी आमच्याच कालच्या बुटांच्या ठशावर त्याचा ताजा ठसा उमटलेला असायचा.

ज्या मोजक्या वेळी तो समोरासमोर आला, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी आम्ही गुपचूप चालत होतो. एक प्रसंग सांगतो. पावसाळा सरत आला होता. मी आणि आमचा वनमजूर, एक पाणवठा बघून परतत होतो. दिवेलागणीची वेळ, वारा समोरून, पायाखाली ओली माती, त्यामुळे पावलांचा आवाज नाही. दोघंही दमलेलो, म्हणून बोलत नव्हतो. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला घाणेरीची जाळी. वळण घेतलं आणि पंधरा-वीस पावलांवर तो वाटेवरच होता. त्याची शेपटी मला आधी दिसली. टोक वर वळलेलं आणि त्याखालचा पांढरा भाग अंधारात चमकला. त्यानं मान वळवली, आणि बघता बघता तो चपटा झाला, पोट जमिनीला टेकलं, कान मागे गेले. मला वाटलं संपलं. वनमजूर माझ्यापेक्षा वयानं मोठा, डोंगरातच वाढलेला. तो माझ्या दंडाला धरून मोठ्यानं, पण न ओरडता म्हणाला, 'साहेब, वाकू नका. मागं सरा, त्याची वाट आपण अडवलीय.' मग बिबट्याकडे बघत तशाच आवाजात, 'जा बाबा, जा, आम्ही चाललो.' आम्ही तोंड त्याच्याकडे ठेवून चार पावलं मागे आलो. दरड संपून जाळीत शिरायची एक फट तिथं होती, ती आमच्या मागे सरण्यानं मोकळी झाली. तो उठला, तिरका चालत त्या फटीत शिरला आणि दिसेनासा झाला. पान हललेलंही ऐकू आलं नाही. त्याला जायचंच होतं, आणि आम्ही दारात उभे होतो.

समोर आला तर काय करायचं याचं उत्तर त्या माणसानं तेव्हा दोन वाक्यांत दिलं होतं. त्यामागचं कारण समजलं की ऐन वेळी आठवतं, म्हणून ते सांगतो.

बिबट्याचं नेहमीचं खाणं म्हणजे कुत्रं, शेळी, वासरू, रानडुकराची पिल्लं, ससा, मोर, वानर. सगळी जमिनीलगतची, चार पायांची नाहीतर लहान चणीची. दोन पायांवर ताठ उभा असलेला मोठा माणूस या यादीत बसत नाही. पण तोच माणूस खाली वाकला, उकिडवा बसला, की अंधुक उजेडात तो यादीत बसायला लागतो. लहान मूल तर उभं असतानाही त्या यादीत बसतं. शेतात वाकून काम करणारी बाई, झाडाआड बसलेला माणूस, अंगणात एकटं खेळणारं पोर, हल्ले अशा ठिकाणी जास्त होतात, ते यामुळे. म्हणून बिबट्या दिसला तर वाकायचं नाही, बसायचं नाही, दगड उचलायलाही खाली जायचं नाही. पळायचं तर अजिबात नाही. पळणाऱ्यामागे धावणं हे मांजराच्या जातीत मुरलेलं आहे, तुमच्या घरातली मनीसुद्धा दोरा हलला की झेपावते. उभं राहायचं, सगळ्यांनी एकमेकांना चिकटायचं, हात किंवा ओढणी वर करून मोठं दिसायचं, ठाम आवाजात बोलायचं, आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. त्याला निघून जायला वाट दिसली पाहिजे. भिंत, कडा, पाणी आणि तुम्ही, यांच्या मध्ये तो अडकला तर शांत बिबट्याही बेभान होतो.

मुलीला उचलायचं झालं तर आत्ताच घरी सवय करा. 'उचल' म्हटलं की तिनं स्वतः हात वर करायचे आणि तुम्ही गुडघ्यात किंचित वाकून, नजर समोर ठेवून तिला काखेत घ्यायचं. कमरेतून वाकून पाठ वर करायची नाही. पाच वर्षांची मुलगी हा खेळ दोन दिवसांत शिकते.

आणि समजा त्यानं झडप घातलीच. हे फार क्वचित होतं, पण विचारलंय म्हणून सांगतो. बिबट्या मानेला, गळ्याला धरतो. तेव्हा मेल्याचं सोंग करून चालत नाही. हात, बॅग, काठी, जे असेल ते आडवं घालून गळा वाचवायचा आणि जीव खाऊन प्रतिकार करायचा, आरडाओरडा करायचा, बाकीच्यांनी मिळून तुटून पडायचं. सुटल्यावर जखम छोटी दिसली तरी ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस लागते, जखमेत टोचायचं इंजेक्शनही लागतं. नुसती पट्टी करून घरी येऊ नका.

आता चालण्याची शिस्त. यालाच मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण तुमच्या सहलीत बिबट्या दिसण्यापेक्षा मुलगा पुढे पळण्याची शक्यता शंभरपट आहे. पितळखोऱ्याला वरून खाली दरीत पायऱ्या उतरतात. नऊ वर्षांचा मुलगा तिथं सुसाट सुटणार, सासूबाई मागे राहणार, तुमचा जीव दोन्हीकडे. तसं होऊ देऊ नका. पुढे एक मोठं माणूस, मागे एक मोठं माणूस, मुलं मधे. वेग सासूबाईंचा. त्या थांबल्या की सगळे थांबले. पाच जण पंधरा पावलांच्या आत असले म्हणजे पुरे. गप्पा मारत चाला, गाणी म्हणा, मुलाला पाढे म्हणायला लावा. मोबाइलवर गाणी वाजवण्याची गरज नाही, माणसाचा बोलण्याचा आवाज पुरतो, आणि त्यानं बाकीच्यांच्या जंगलाचाही विचका होत नाही. काठी असू द्या, ती पायापुढे टेकत चालायला आणि सासूबाईंच्या आधाराला. फटाके नेऊ नका. नोव्हेंबरात गवत वाळायला लागलेलं असतं, एका ठिणगीत अख्खा उतार जातो.

वेळ पाळा. बिबट्याचा दिवस सूर्य मावळताना सुरू होतो. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि दरीत त्याच्या तासभर आधीच सावली पडते. म्हणून चार वाजता परतीची वाट धरा, साडेचारला गाडीपाशी असा. सकाळी ऊन चढल्यावर, साडेआठ-नऊला चालायला लागा.

आणखी एक गोष्ट, जी बायका विचारत नाहीत आणि पुरुष सांगत नाहीत. लघवीला जायचं असेल तर एकटीनं लांब झाडाआड जाऊ नका. सोबतीला कुणीतरी उभं राहावं, पाठ करून का होईना. मुलीला तर गाडीच्या आडोशाला, उघड्या जागी बसवा. संकोचापायी माणसं दाट जाळीच्या कडेला जातात, तिथं बिबट्यापेक्षाही साप असतो.

तुम्ही आष्टीचा उल्लेख केलाय. तो विषय टाळून पुढे जाणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात थोड्याच दिवसांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली, त्यात एक लहान मूल होतं. पुढे करमाळा तालुक्यातही बळी गेले आणि डिसेंबरात बिबट्याला गोळ्या घालाव्या लागल्या. ती माणसं शेतशिवारात आपलं काम करत होती, जंगल बघायला गेलेली नव्हती. त्यांच्या घरच्यांना 'बिबट्या लाजाळू असतो' हे सांगायची माझी तरी हिंमत नाही. असा एखादा बिबट्या निघतो, आणि तेव्हा त्या भागात जाणं बंदच करायचं असतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या १९२६ या नंबरावर किंवा पोहोचल्यावर नाक्यावरच्या वनरक्षकाला सरळ विचारा, 'सध्या इकडे माणसावर हल्ला झालाय का? अस्वल कुठं फिरतंय का? मोहोळ कुठं उठलंय का?' त्यानं एखादी वाट बंद सांगितली तर तिथं वाद घालू नका. अशा चौकशीनं जे कळतं ते कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही.

तुमच्या नातेवाइकांनी म्हटलंय की सगळीकडचे बिबटे पकडून गौताळ्यात आणून सोडतात. हे मी प्रत्येक गावात ऐकलंय. बिबट्या पकडून लांब नेऊन सोडला की प्रश्न मिटतो असं पूर्वी खरंच वाटायचं. जुन्नरच्या उसातून २००१ ते २००३ च्या सुमारास पुष्कळ बिबटे धरून दुसरीकडे नेऊन सोडले गेले. त्याचा पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, आणि जिथं सोडले तिथंही ते सुरू झाले. कारण उघड आहे. त्याचा मुलूख, त्याचं पाणी, कुठल्या वेळी कुठली माणसं कुठून जातात हे सगळं त्याला पाठ असतं, म्हणून तो आपल्याला टाळू शकतो. अनोळखी जागी पिंजऱ्यातून घाबरून बाहेर पडलेल्या जनावराला यातलं काहीच माहीत नसतं. ते घराकडेही निघतं. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला सापडलेल्या एका म्हाताऱ्या नराला गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं, तर तो शंभराहून जास्त किलोमीटर चालत, मधले रेल्वेमार्ग, हमरस्ते आणि खाडी ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत एकाही माणसाला त्यानं हात लावला नाही. गौताळ्यातले बिबटे बहुतेक तिथलेच आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे. आणि वाघाचं विचारलंत, तर हो, २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात आला होता. तो तुमच्या वाटेत येईल म्हणून जीव टांगणीला लावू नका.

आता रात्रीची चक्कर. अभयारण्यात अंधार पडल्यावर पर्यटकांनी फिरायचं नसतं, हा नियम आहेच. पण माझं कारण वेगळं आहे. दिव्याच्या झोतात आलेलं जनावर काही क्षण आंधळं होतं. समोरून दुसरी गाडी आली, किंवा माणसं फोटोसाठी खाली उतरली, की ते भेदरून कुठंही उडी घेतं, रस्त्यावर नाहीतर कड्याखाली. रात्री वाहनाखाली आलेलं तरस, उदमांजर, बिबट्याचं पिल्लू मी स्वतः उचललंय. पिल्लाच्या अंगावर एक खरचटा नव्हता, नाकातून फक्त रक्ताची एक रेघ आली होती. अजून ऊबदार होतं ते. यजमानांना माझा निरोप द्या की घाटातून रात्री यायचंच झालं तर गाडी हळू चालवावी. बिबट्या रस्त्यात दिसला तर थांबावं, काचा वर, मोठा दिवा खाली, हॉर्न नाही, आणि तो जाईपर्यंत दोन मिनिटं द्यावीत. त्याच्या मागे मागे गाडी नेऊ नये.

गर्दीबद्दलही बोलतो, कारण तुमच्या लातूरकडेही उसात बिबट्या निघाल्याच्या बातम्या असतात आणि हे तुम्हाला घरीही उपयोगी पडेल. एका गावात पहाटे बिबट्या गोठ्यात शिरला होता. शेळी धरली, आणि बाहेर पडायच्या आत माणसं जागी झाली. तो कडब्याच्या गंजीमागे दबून बसला. आम्ही पोहोचेपर्यंत हजारभर माणसं जमलेली, छपरांवर पोरं, दाराशी काठ्या-कुऱ्हाडी. मी हात जोडून सांगत होतो, दार मोकळं सोडा, उजेड मावळू द्या, तो आपसूक जाईल. कुणीतरी वरून पत्रा वाजवला. पुढच्या काही मिनिटांत चार माणसं रक्तबंबाळ झाली. त्यातला एक जण नुसता व्हिडिओ काढायला पुढे झुकला होता. त्या माणसाचा उजवा हात पुढे कधी नीट वळला नाही. बिबट्याही वाचला नाही. दिवसभर कुणी तिकडे फिरकलं नसतं तर रात्री तो निघून गेला असता, शेळीची नुकसानभरपाई मालकाला मिळाली असती आणि विषय संपला असता. बिबट्या कुठं अडकलाय असं कळलं तर माणसं हटवा, १९२६ ला फोन करा, त्याची एक बाजू उघडी ठेवा. बघायला जाऊ नका आणि दुसऱ्यालाही जाऊ देऊ नका.

तसंच पिल्लांचं. ऊसतोड सुरू झाली की फडात मांजराएवढी पिल्लं सापडतात. माणसं कौतुकानं उचलून घरी आणतात, दूध पाजतात, मांडीवर घेऊन फोटो काढतात. आई जवळपासच असते आणि रात्री शोधत येते. सापडलेल्या जागीच पिल्लं राहू दिली, आणि वनखात्याच्या माणसांनी तिथंच खोक्यात ठेवून लांबून नजर ठेवली, तर आई बहुतेक वेळा त्यांना एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं हलवली तर ती आई त्या शिवारात चिडून फिरते.

आता बिबट्या सोडून बाकीचं, कारण खरं सांगायचं तर तुमच्या या सहलीत मला धास्ती वेगळ्याच गोष्टींची आहे.

पहिली आग्या मोहोळाची. डोंगराच्या कड्यांना, लेण्यांच्या वरच्या कपाऱ्यांना ही मोहोळं लटकलेली असतात. अजिंठ्याला पर्यटकांवर मधमाश्या उठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबानं कड्याखाली तीन दगड मांडून भाजी शिजवायला घेतली, धूर वर गेला आणि माश्या उतरल्या. घरातले आजोबा पळू शकले नाहीत. पंधरा दिवस दवाखान्यात होते. म्हणून तिथं चूल नाही, अगरबत्ती नाही, दगड भिरकावणं नाही, आणि त्या दिवशी अंगावर उग्र सेंट नाही. लेणीत शिरण्याआधी मान वर करून कडा बघा. काळसर, लोंबता, कधीकधी लाटेसारखा हलणारा तुकडा दिसला तर आवाज न करता बाजूनं निघा. माश्या उठल्याच तर मात्र पळायचं. बिबट्यासमोर थांबायचं आणि मधमाश्यांसमोर पळायचं, हा फरक मुलाला नीट समजावून सांगा. तोंड ओढणीनं झाकून एका दिशेनं पळत गाडी गाठा, काचा बंद करा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वरच घिरट्या घालत थांबतात. काटा नखानं खरवडून काढा. सासूबाईंना दम लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर एक क्षण न घालवता १०८ ला फोन करा.

दुसरी सापाची. नोव्हेंबरात सकाळी साप उन्हाला येतात, पायवाटेवर, दगडांवर. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी, आणि सरकारी दवाखान्यातलं प्रतिविष या चारही जातींवर चालतं. फुरसं वीतभर-दीड वीत असतं आणि पालापाचोळ्यात मिसळून जातं. मुलांना चपला-सँडल घालू नका, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. बसण्याआधी दगडाच्या फटीत काठी फिरवा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही नाही. तो पाय हलू न देता गाडीत घाला आणि जवळचा सरकारी दवाखाना गाठा. सापाला मारून सोबत नेण्यातही वेळ घालवू नका.

तिसरं अस्वल. मोजकी आहेत, पण आहेत. अस्वलाला ऐकू आणि दिसू कमी येतं, नाक वारुळात नाहीतर बोरीच्या झुडपात खुपसलेलं असतं, आणि अचानक माणूस दिसला की ते घाबरून अंगावरच येतं. इथंही बोलत चालणं हाच उपाय. लांबून दिसलं तर आवाज न चढवता मागे फिरा. अंगावर येऊन त्यानं पाडलंच तर पालथं पडून, दोन्ही हातांनी मान झाकून निपचित राहायचं. बिबट्याच्या बाबतीत सांगितलं त्याच्या उलट.

रानडुक्कर पिल्लांसोबत असेल तर वाटेतून बाजूला व्हा. रोही, चिंकारा, मोर यांचं काही भय नाही. तरसाला लोक फार नावं ठेवतात, पण ते माणूस दिसला की मान खाली घालून निघून जातं. वानरांना खायला देऊ नका. आज तुम्ही बिस्किट दिलं की उद्या ते दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या हातातली पिशवी ओढतं.

काही गोष्टी मात्र तिथं गेल्यावरच ठरतील. पाऊस लांबला असेल तर गवत कमरेएवढं असेल, मग मुलांना घेऊन आतल्या पायवाटा टाळा आणि रस्त्यालगतच फिरा. पितळखोऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर सासूबाईंना वरच झाडाखाली बसवा, पण एकट्या नाही, सोबत एक मोठं माणूस हवं. मग मुलांसोबत एकच मोठं माणूस उरतं, तेव्हा दोन फेऱ्या करा. रविवारी गर्दी असते, सुरक्षित वाटतं, पण मोहोळ उठायची भीतीही गर्दीतच जास्त. जमलं तर मधल्या वारी जा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, की मुलगी विचारते, 'आई, बिबट्या दिसेल का गं?' तिला सांगा, तो दिसेल की नाही ते त्याच्यावर आहे, पण तो येऊन गेला का ते तू शोधू शकतेस. सकाळी नाल्याच्या कडेच्या ओल्या मातीत किंवा वाटेवरच्या मऊ धुळीत बघायचं. गोलसर ठसा, पुढे चार बोटं, मागे मोठी गादी, आणि गादीच्या मागच्या कडेला तीन गोल फुगवटे. नखांच्या खुणा दिसल्या तर तो कुत्र्याचा किंवा तरसाचा, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. ठशात कडेचे मातीचे कण अजून ढासळलेले नसतील, आत पान पडलेलं नसेल, तर तो रात्रीचाच. वानरांचा 'खॉक, खॉक' असा तुटक आवाज एकाच दिशेनं सारखा येत असेल, तर तो कुठंतरी जवळच सावलीत आहे असं समजून तुम्ही रस्त्याकडे वळा. ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळतं, आणि ठशावर कुणाचा पाय पडू देऊ नका. फोटो इथं टाका. नर की मादी, कुठल्या वयाचा, मला त्यातून जेवढं कळेल तेवढं तिला सांगीन.